गप्प झालेला कॉम्प्युटर

मानवतला कापसाचा हंगाम सुरू झाला की भुजंगच्या अंगाला चिकटून कापूस घरात यायचा. जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर तो कामाला होता. कितीही झटकलं तरी भुवयांत, कानामागं, सदऱ्याच्या शिवणीत तंतू राहायचेच. त्याची बायको कस्तुराबाई त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून उपरण्यानं झोडायची आणि म्हणायची, "गाठी तिकडं बांधा की. घरी कशाला आणता?"

त्या रविवारी जिनिंग बंद होतं. भुजंग ओसरीत चहा घेऊन बसला होता आणि आतल्या खोलीतली बाई कधी बोलते याची वाट बघत होता. बाई म्हणजे त्याच्या लेकीच्या, भक्तीच्या कॉम्प्युटरमधला आवाज. भक्तीला दिसत नाही. चौथीत असताना ताप मेंदूत गेला आणि ताप उतरेपर्यंत नजर गेलेली होती. तिच्या कॉम्प्युटरवर जे काही उमटेल ते हा आवाज तिला वाचून दाखवायचा, आणि तोही इतका भराभर की भुजंगला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तरी रोज सकाळी तो आवाज सुरू झाला की घर हलायला लागलं असं त्याला वाटायचं.

आज बाई बोललीच नाही. आधी पंख्याची घरघर ऐकू आली, मग एक लांबलचक शिट्टी. जरा थांबून परत तशीच शिट्टी. परत.

भुजंग कप खाली ठेवून आत गेला. भक्ती टेबलाजवळ मान कलती करून उभी होती. तिचा एक हात खालच्या सीपीयूच्या डब्यावर होता, आजारी जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

"काय झालं गं?"

"श्शू. ऐकू द्या, बाबा."

तिनं बटण दाबून धरलं. सगळं बंद झालं. परत सुरू केलं. पंखा फिरला, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि बाई काही बोलली नाही.

"बिघडलंय," भक्ती म्हणाली. "आन् वैष्णवी निघाली असंल."

वैष्णवी येलदरीची. तिचा बाप धरणावर मासे धरायचा. पोरगी जन्मापासून आंधळी, पण जिद्दीची. मंगळवारी परभणीला तिची मराठी टायपिंगची परीक्षा होती. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून भक्तीनं तिला एक जुना कीबोर्ड नुसताच देऊन टाकला होता. तो कशालाच जोडलेला नव्हता. वैष्णवी रोज दुपारी फोन लावायची, फोन कीबोर्डशेजारी ठेवायची आणि टाइप करायला लागायची. इकडं भक्ती नुसत्या टकटकीवरून सांगायची, "थांब. करंगळी उशिरा पडली. परत घे." भुजंगनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं होतं, दोघी मिळून काहीतरी खेळ करायल्यात. मग एक दिवस त्यानं मुद्दाम लक्ष दिलं आणि त्याला कळलं की फोनच्या पलीकडं कोणतं बोट चुकलं हे त्याच्या लेकीला खरंच ऐकू येतं. त्या दिवशी तो जिनिंगमध्ये ज्याला त्याला ही गोष्ट सांगत सुटला होता.

पण परीक्षेआधी एकदा तरी खऱ्या कॉम्प्युटरवर हात बसायला पाहिजे होता. म्हणून वैष्णवी आज आईला घेऊन यायची होती, दोन दिवस इथंच राहून परभणीला जायची होती.

भक्तीनं गावातल्या दुरुस्तीवाल्या हरिओमला फोन लावला. तो पाथरीला मेव्हण्याच्या लग्नात होता. मागं बँड वाजत होता.

"ताई, उद्या येतो. आज लय गडबड हाय."

"हरिओमभाऊ, नुसतं ऐका. लांब शिट्टी येतीय. थांबून परत येतीय." आणि तिनं तोंडानं हुबेहूब तशी शिट्टी काढून दाखवली. बँडच्या आवाजातही त्याला ती कळली असावी.

"रॅम हलली असंल," तो ओरडून म्हणाला. "पण तुमी हात नका लावू, ताई. आत लय नाजूक काम असतं. मी येतो की."

"बरं," भक्ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग वळून म्हणाली, "बाबा, स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

"तो तर हात लावू नका म्हणला की!"

"त्यानं त्याची काळजी सांगितली. मला माझं काम हाय."

भुजंगला बेजार झाल्यासारखं वाटलं. हे मशीन घरात आलं तेव्हाही त्याला असंच वाटलं होतं. संभाजीनगरच्या वसतिगृहातून बी.ए. होऊन आलेल्या लेकीनं मला कॉम्प्युटर पाहिजे म्हटलं, तेव्हा त्याच्या मनात आलं होतं की पडदा बघायलाच डोळे नाहीत तर पडद्याचं मशीन कशाला. तो ते बोलला नव्हता, एवढंच बरं. आज त्याच मशीनवर भक्ती गावोगावच्या आंधळ्या पोरापोरींना शिकवत होती, आणि आता ते उघडायला निघाली होती. एखादा तुकडा मोडला तर?

तरी त्यानं स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.

"आधी सगळ्या वायरी काढा. भिंतीतली पिन पण," भक्ती म्हणाली. वायरी निघाल्यावर तिनं बटण काही क्षण दाबून धरलं. "आत उरलेला करंट निघून जावा म्हणून," तिनं सांगितलं. मग खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. "आन् हे माझ्या अंगातली वीज उतरावी म्हणून."

डबा टेबलाजवळ सतरंजीवर आडवा केला. बाजूचा पत्रा सरकवला आणि भुजंगच्या तोंडून निघून गेलं, "अरारारा!"

"काय हाय?"

"कापूस."

आतला पंखा पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखा दिसत होता. पट्ट्यांवर, वायरींच्या बेचक्यांत, कानाकोपऱ्यात मऊ तूस साचलेली. भुजंगनं चिमटीत थोडी धरली आणि सवयीनं चोळून बघितली. लांब धाग्याचा, चांगल्या प्रतीचा माल. त्याच्याच प्रेसवरचा. त्याला एकदम अपराध्यासारखं झालं.

"ही माझी कमाई हाय, भक्ती. मीच आणतो रोज अंगावर."

भक्तीनं हात आत घालून तूस चाचपली आणि हसली. "गादी भरंल की, बाबा! आईला एक रंगाचा ब्रश मागा, कोरा असंल तर."

कस्तुराबाईनं ब्रश आणून दिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उघडलेलं मशीन बघून तिनं पदर तोंडाला लावला. जाताना म्हणाली, "मी भाकरी टाकते. पाहुण्यांना काय कॉम्प्युटर खाऊ घालता येत न्हाई."

भक्ती साफ करत होती ते भुजंग बघत राहिला. डाव्या हाताच्या बोटांनी ती आधी जागा ओळखायची, मग उजव्या हातातला ब्रश तिथं न्यायची. घाई नव्हती. पंख्याची पाती एका बोटानं धरून ठेवायची, फिरू द्यायची नाही. कुठं काय आहे हे ती स्वतःशी पुटपुटत होती: ही मोठी वायर, ही जाळी, हा हिच्याखालचा चौकोन. मध्येच फोन वाजला. वैष्णवीच होती. "ताई, आमी देवगाव फाट्याला उतरलो. सेलूची गाडी बघायलोत."

"या सावकाश," भक्ती म्हणाली. मशीनबद्दल ती बोलली नाही.

मग तिनं रॅम शोधली. बोटभर लांबीची उभी पट्टी, दोन्ही टोकांना चिमटे. चिमटे मागं ढकलून तिनं ती काढली आणि तिची खालची कड अंगठ्यानं हळूच तपासली. "बाबा, इथं सोनेरी दात हायत का बारीक बारीक?"

"हायत. पण काळपटलेत."

"खोडरबर लागंल."

खोडरबर घरात होतं का, तर नव्हतं. भुजंगच समोरच्या घरी जाऊन बालवाडीतल्या पोरीच्या दप्तरातलं मागून घेऊन आला. भक्तीनं पट्टी घासली, कपड्यानं पुसली, भुजंगला दाखवली. दात चकाकत होते. तिनं ती खाचेत परत बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

शिट्टी. थांबून परत शिट्टी.

भक्ती पाठ भिंतीला टेकून बसली. हात मांडीत पडले. तिचा चेहरा लहानपणी दवाखान्यातून परत येताना एस.टी.त दिसायचा तसा दिसायला लागला. हरिओमला परत फोन लावू का, असं विचारायला भुजंगनं तोंड उघडलं.

"एकाच बाजूला वाजलं," भक्ती अचानक म्हणाली.

"काय?"

"पट्टी दाबली तवा चिमटा एकाच बाजूचा वाजला. दोन आवाज यायला पाहिजेत. मी घाई केली."

तिनं परत पिन काढायला लावली, परत हात आत घातला, आणि या वेळी अंगठे दोन्ही टोकांवर ठेवून सरळ खाली जोर दिला. खट्. आणि मग, पलीकडून, खट्. भुजंगलाही ऐकू आलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. एक छोटीशी, आखूड 'पीप' वाजली आणि शिट्ट्या बंद.

"झालं!" भुजंग ओरडला.

पण बाई बोलली नाही. भक्ती कान देऊन थांबली. बाई बोललीच नाही.

"बाबा, पडद्यावर काय हाय?"

"काळं हाय. वर पांढरी अक्षरं आलीत. इंग्रजी."

इथं पंचाईत झाली. एरवी भक्ती फोनचा कॅमेरा समोर धरायची आणि फोन तिला अक्षरं वाचून दाखवायचा. पण मागच्या महिन्यात फोन पडून कॅमेऱ्याला तडा गेला होता. तिनं धरून बघितला, तर फोन म्हणाला, "एक माणूस, एक पांढरा पक्षी." भुजंगचा फोन बटणाचा. कस्तुराबाईला इंग्रजीचं नाव नको. आणि भुजंग सातवी शिकलेला. गाठींवरच्या नंबरांमुळं इंग्रजी आकडे पाठ होते, पण अक्षरांची ओळख कधीच पुसून गेली होती.

"मला वाचता येत न्हाई गं."

"वाचू नका. नुसतं कसं दिसायलंय ते सांगा. मला चौथीपर्यंतची एबीसीडी आठवते."

भुजंग पडद्याजवळ सरकला. घसा खाकरला. जिनिंगमध्ये पाऊणशे माणसांवर ओरडणारा माणूस, पण आवाज बारीक झाला होता.

"पहिली चंद्रकोर हाय. उजव्या अंगाला तोंड उघडं."

"सी."

"मग दोन खांब. त्यांच्यामधी दोरी बांधलेली, ती सैल सुटून खाली आलेली."

"एम. पुढं?"

"भोपळा."

"ओ."

"मग साप. वळवळत गेल्यावानी."

"एस. सी, एम, ओ, एस." भक्ती भुवया आकसून विचार करत होती. "हे कुठंतरी ऐकलंय मी. पुढं सांगा."

"मधी मोकळी जागा. मग काठीला दोन पोटं, एकाखाली एक."

"बी."

"मग घडवंची. वर टोक जुळलेलं, मधी एक आडवी पट्टी."

"ए."

"मग खांबावर आडवं लाकूड. मग परत तेच, खांबावर आडवं—"

भक्तीनं टाळी वाजवली. "बॅटरी! बॅटरी म्हणायलंय ते!"

"अगं, अजून तीन अक्षरं ऱ्हायलीत."

"राहू द्या. बॅटरीच हाय."

भुजंगला पटेना. एवढी जाडजूड वायर भिंतीला लावलेली असताना याला बॅटरी कशाला? भक्तीनं त्याला समजावलं. लाइट गेली तरी मशीनला आपली तारीख-वेळ लक्षात ठेवावी लागते. त्यासाठी आत एक चपटी, बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की मशीन सकाळी उठून विचारतं, आज कोणता दिवस आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथंच अडून बसतं. खालच्या ओळी तिनं अशाच वाचून घेतल्या. शेवटी एकीत एफ आणि एक, दुसरीत एफ आणि दोन.

"एफ वन दाबलं तर मशीनच्या आतल्या सेटिंगच्या पानांवर नेतंय. तिथं बाई बोलत न्हाई, तिथं सगळं तुमच्या डोळ्यांनी करावं लागंल. एफ टू दाबलं तर पुढं चालतंय. पण नवी बॅटरी टाकूनच दाबू, न्हाई तर उद्या परत हेच."

सगळं परत बंद करून तिनं आतली बॅटरी नखानं उचकटून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "हिच्यासारखीच. घड्याळवाल्याकडं मिळंल. वैष्णवीला घ्यायला स्टँडवर चाललातच."

भुजंग ती मुठीत धरून सायकलवर निघाला आणि वाटभर त्याला मघाचीच अक्षरं दिसत राहिली. दुकानांच्या पाट्यांवर भोपळे होते, साप होते, घडवंच्या होत्या. आपण आंधळ्या पोरीला वाचून दाखवलं असं त्याला आधी वाटत होतं. पण विचार करत करत तो चौकापर्यंत आला तेव्हा त्याला उलटं वाटायला लागलं. डोळे त्याचे होते, पण वाचलं तिनंच होतं. सोळा-सतरा वर्षं झाली होती नजर जाऊन. तेवढी वर्षं तिनं ती अक्षरं कुठं जपून ठेवली होती कोण जाणे, सांगितल्याबरोबर एकेक बाहेर काढून दिलं. त्यानं स्वतःची तर डोळ्यांदेखत हरवली होती.

स्टँडसमोरच्या घड्याळवाल्यानं तसलीच बॅटरी काढून दिली. तेवढ्यात सेलूहून पाथरीमार्गे येणारी गाडी आली. वैष्णवी उतरली, एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या काखेत कापडात गुंडाळलेला कीबोर्ड. मागं तिची आई पंचफुला, डोक्यावर पिशवी. भुजंगनं ओळख दिली आणि चालता चालता खरं काय ते सांगून टाकलं. पंचफुलाचं तोंड उतरलं. "आता वं कसं करायचं, भाऊ? मंगळवारी परीक्षा हाय."

वैष्णवीनं मात्र वेगळंच विचारलं. "मग ताई काय करायल्यात?"

"मशीन उघडून बसलीय."

"उघडून? सोताच्या हातानं?" पोरगी वाटेत थांबलीच. मग इतक्या झपाट्यानं चालायला लागली की पंचफुलाला पळावं लागलं.

घरी आल्यावर भक्तीनं पाणी प्यायलासुद्धा नीट वेळ दिला नाही. "वैष्णवी, हात धुऊन कोरडे कर. इकडं बस. ह्या गजाला हात लाव आधी." मग तिनं वैष्णवीचं मनगट धरून तिचा हात डब्यात नेला. "हा पंखा. पाती मोज. ह्याच्याखाली कॉम्प्युटरचं डोकं. ही उभी पट्टी, ही रॅम, आज हिनंच मला रडवलं. चिमटे हायत बघ दोन्हीकडं. आता खाली ये. गोल खळगा लागला?"

"लागला."

"बाबा, बॅटरी द्या तिच्या हातात. सपाट बाजू वर. एका कडेनं घाल आन् दाब."

वैष्णवीनं बॅटरी खळग्याकडं नेली. एकदा बॅटरी निसटून आत पडली आणि पंचफुलानं "बया!" म्हणून डोळे मिटले. भक्तीनं ती शोधून परत तिच्याच हातात दिली. दुसऱ्यांदा ती खळग्यात बसली. वैष्णवी तोंड उघडं ठेवून तशीच बोट दाबून बसली होती. "ताई, मी वर्षभर शिकायले, पण आत काय असतं ते मला म्हाईतच नव्हतं. मला वाटायचं नुसता डबा हाय."

पत्रा लागला, डबा टेबलाखाली गेला. भुजंगनं पिन लावली. बटण वैष्णवीला दाबायला लावलं. पीप. काळा पडदा. भुजंगनं न विचारता सांगितलं, "तीच पाटी हाय, चंद्रकोरीची." भक्तीनं एफ टू दाबलं.

कस्तुराबाई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. पंखा फिरत राहिला, आतून बारीक कुरकुर झाली, आणि मग बाई बोलली. भक्तीनं तारीख विचारली तर बाईनं कित्येक वर्षांपूर्वीची सांगितली.

"बाबा, त्या हिशोबानं मी अजून वसतिगृहात हाय," भक्ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसली. घड्याळ नीट लावायला तिला मग कुणाचे डोळे लागले नाहीत.

जेवणं झाल्यावर वैष्णवी टायपिंगला बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. सोमवारी हरिओम आला. त्यानं डबा उघडून बघितला, रॅम हलवून बघितली आणि भक्तीला म्हणाला, "ताई, ह्याला माझं काय काम ऱ्हायलं न्हाई." चहा पिता पिता त्यानं तिला बाईचा आवाज दुसऱ्या कॉम्प्युटरवर कसा बसवायचा ते विचारून घेतलं. पूर्णेच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाला तो पाहिजे होता आणि हरिओमला ते जमत नव्हतं. जाताना म्हणाला, "दुकानात एक मेलेलं मशीन पडून हाय. पोरांना शिकवायला लागतंय का?"

वैष्णवी पास झाली. निकालाचा फोन आला तेव्हा ती काय बोलत होती ते भक्तीलाही कळेना, मागून पंचफुलाच मोठमोठ्यानं बोलत होती.

हरिओमनं दिलेलं मशीन आता भुजंगच्या ओसरीत असतं. भक्तीकडं नवं कुणी शिकायला आलं की पहिल्या दिवशी कीबोर्ड मिळत नाही. आधी हात धुवायचे, मग सतरंजीवर बसून ते मशीन पूर्ण उघडायचं, एकेक भाग बोटांनी ओळखायचा, काढायचा आणि परत बसवायचा. दोन्ही बाजूंनी खट् वाजलं पाहिजे. भुजंग सुट्टीच्या दिवशी जवळच बसलेला असतो, हात न लावता. कुणाला खाच सापडत नसली आणि त्यानं तोंड उघडलं, तर भक्ती त्याला सांगते, "बाबा, त्याला शोधू द्या." मग तो गप्प बसतो आणि बघत राहतो.